रबरी गांडुळावर मासेमारी: कोल्हापुरातल्या नवशिक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरत आला, पंचगंगेचं पाणी पात्रात उतरायला लागलं की हौशी मंडळींचे प्रश्न सुरू होतात. रॉड नवा असतो, रबरी गांडुळांची पाकिटं ऑनलाइन मागवलेली असतात आणि पुढं काय करायचं ते कळत नसतं. परत परत येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. उत्तरं गोड्या पाण्यासाठी, काठावरून गळ टाकणाऱ्यांसाठी आणि प्रामुख्यानं मरळ माशासाठी आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान प्रश्न ७, १० आणि १५ वाचून मगच नदीवर जा.

१. व्हिडिओत दाखवतात तो बास मासा आपल्याकडं मिळतो का?

नाही. तो लार्जमाउथ बास, मूळचा उत्तर अमेरिकेतला. आतापर्यंतचा सर्वांत मोठा बास सुमारे १० किलोचा. १९३२ साली अमेरिकेतल्या जॉर्जियात तो सापडला आणि २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात त्याची बरोबरी झाली. पंचगंगा, भोगावती, वारणा, दूधगंगा यांपैकी कुठंही तो शोधत बसू नका.

पण त्याच्यासाठी तयार झालेली पद्धत आपल्याकडं चालते, कारण आपली मरळ शिकार तशीच करते. केंदाळाच्या कडेला, बुडालेल्या झुडपाच्या सावलीत, दगडाच्या खबदाडीत ती दबा धरून बसते आणि समोरून काही सावकाश सरकत गेलं की झडप घालते. त्यामुळं व्हिडिओ जरूर बघा, फक्त बास म्हटलं की मनात मरळ धरा.

एकानं विचारलं होतं की बासची पिल्लं मागवून शेततळ्यात सोडली तर? कृपा करून असलं काही करू नका. जपानमध्ये असाच बाहेरून आणून सोडलेला बास स्थानिक माशांवर एवढा उठला की २००५ मध्ये त्याला घातक परकी प्रजाती ठरवावं लागलं. शेततळं पावसाळ्यात भरून वाहतं आणि ते पाणी शेवटी नदीलाच मिळतं.

२. हे गांडूळ खरंच रबराचं असतं का?

बोलायला रबरी, पण असतं मऊ पीव्हीसीचं. पातळ प्लॅस्टिक तापवून साच्यात ओततात, त्यात रंग, चमकी, वास आणि कधी कधी वजनासाठी मीठ घालतात. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी निक क्रीम यांनी १९४९ च्या सुमारास असं गांडूळ बनवलं आणि तिथून ते जगभर गेलं. बाजारात सरळ शेपटीचं, वळणदार शेपटीचं, वल्ह्यासारख्या चपट्या शेपटीचं असे प्रकार दिसतील. सुरुवातीला ४ ते ५ इंचांचं वळणदार शेपटीचं घ्या. त्याची शेपटी ओढताना आपोआप हलते, हात अजून बसलेला नसला तरी काम होतं.

३. शेणखताच्या ढिगात खरी गांडुळं फुकट मिळतात, मग प्लॅस्टिकवर पैसे का घालवायचे?

पोटभर चिलापी धरायची असेल तर खरं गांडूळच बरं. त्याला वास आहे, वळवळ आहे. पण खऱ्या गांडुळावर बोटाएवढे मासे तुटून पडतात आणि मरळ जवळ यायच्या आत गळ मोकळा झालेला असतो. शिवाय खरं गांडूळ केंदाळातून ओढता येत नाही, पहिल्याच देठाला गळ अडकतो. रबरी गांडुळात गळाचं टोक लपवता येतं (प्रश्न ७). जिथं मरळ बसते तिथपर्यंत, म्हणजे ऐन गवतात, आमिष पोचवता येतं. मला विचाराल तर प्लॅस्टिक वापरायचं एवढं एकच खरं कारण आहे.

४. यावर कोणकोणते मासे लागतात? रोहू, कटला लागेल का?

मरळ हा पहिला मानकरी. शिवडा खोल डोहात, अंधार पडताना घेतो. वाम तळातून सरकणारं गांडूळ अधूनमधून पकडते. चिलापी शेपटी तोडायला येते, पण मोठं गांडूळ तिच्या तोंडात मावत नाही. तिच्यासाठी दोन इंचांचा तुकडा आणि बारीक गळ लागेल.

रोहू, कटला, मृगळ यांची आशा धरू नका. कटला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू शेवाळ आणि वनस्पती खातो, मृगळ तळातला कुजका गाळ चिवडतो. त्यांना कणकेचा गोळा, शेंगदाण्याची पेंड हेच बरं. ती मासेमारी वेगळी.

५. रॉड, रील आणि दोरा कोणता घेऊ?

साडेसहा ते सात फुटांचा, मध्यम ताकदीचा, टोकाकडं वाकणारा स्पिनिंग रॉड आणि २५०० किंवा ३००० आकाराचं रील घ्या. पैसे कमी असतील तर रीलवर थोडी काटकसर चालेल, रॉडवर नको. तळातली बारीक टकटक हातापर्यंत रॉडच आणून देतो, आणि या मासेमारीत सगळं त्या टकटकीवरच आहे.

दोऱ्याचं पाण्यानुसार ठरवा. उघड्या पाण्यात ०.३० मिलिमीटरचं साधं तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी दोरा, पुरतं. केंदाळ, बाभळीच्या फांद्या, बंधाऱ्याचे दगड असतील तर ३० पौंडी विणलेला दोरा, म्हणजे ब्रेड, हवाच. मरळ लागली की पहिली उडी गवतात घेते. तंगूस ताणलं जातं, ब्रेड ताणला जात नाही, म्हणून तिला लगेच बाहेर ओढता येतं. एक खबरदारी घ्या: ब्रेड हाताला गुंडाळून कधीही ओढू नका. कातडी चिरत जातो.

६. दुकानदार "किती नंबरचा गळ?" असं विचारतो. काय सांगू?

"ऑफसेट वर्म हुक" म्हणा, किंवा मानेशी झेड आकाराचं वळण असलेला गळ मागा. चार इंची गांडुळाला १/० किंवा २/०, पाच-सहा इंचीला ३/०. इथं नवखे लोक गोंधळतात. शून्याचे नंबर वाढतील तसा गळ मोठा होतो, पण शून्य नसलेले १, २, ४, ६ हे नंबर वाढतील तसा गळ लहान होत जातो. म्हणजे "तीन" आणि "तीन शून्य" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुकानात स्पष्ट बोला.

७. गांडूळ गळावर नेमकं कसं चढवायचं? माझं दर वेळी वाकडं बसतं आणि पाण्यात गरगर फिरतं.

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. या पद्धतीला टेक्सास रिग म्हणतात.

आधी दोऱ्यात गोळीच्या आकाराचं शिसं ओवा, निमुळतं टोक रॉडच्या बाजूला. मग गळ बांधा (गाठ प्रश्न ९ मध्ये). आता गांडूळ डाव्या हातात धरा. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यात बरोबर मध्ये खुपसा, साधारण अर्धा सेंटिमीटर आत न्या आणि पोटाच्या बाजूनं बाहेर काढा. गळ पुढं सरकवत न्या, इतका की डोकं गळाच्या डोळ्यापर्यंत (दोरा बांधायच्या भोकापर्यंत) येऊन झेडच्या वळणात घट्ट बसेल. मग गळ अर्धा फिरवा, म्हणजे टोक गांडुळाकडं बघू लागेल.

इथं थांबा. गांडूळ सैल लोंबकळू द्या आणि गळाचं वळण कुठपर्यंत येतं ते शेजारी धरून मोजा. तिथंच अंगठ्याच्या नखानं खूण करा. गांडूळ त्या जागी किंचित दुमडा, टोक खुणेतून आरपार बाहेर काढा आणि पाठीवरच्या वरच्या कातडीत केसभर परत टोचून ठेवा.

आता दोरा धरून सगळं हवेत लटकवा. गांडूळ सरळ सुतात असलं पाहिजे. मध्ये फुगवटा आला असेल तर टोक शेपटीकडं फार लांब बाहेर काढलंय, ताणलेलं दिसत असेल तर डोक्याच्या फार जवळ. दोन्ही वेळा काढून पुन्हा चढवा, आळस करू नका. वाकडं गांडूळ पाण्यात भोवऱ्यासारखं फिरतं, दोऱ्याला पीळ बसतो आणि मरळ त्याच्याकडं ढुंकूनही बघत नाही. शेवटी गळाच्या टोकाजवळच्या गांडुळावरून बोट हलकेच फिरवा. टोक टोचलं नाही तर गवतातही अडकणार नाही, आणि दाबल्यावर टोचलं तर मासा दाबेल तेव्हा त्यालाही टोचेल.

८. शिसं किती ग्रॅमचं लावू?

तळ गाठता येईल एवढं, त्याहून जास्त नाही. बंधाऱ्यामागच्या संथ, चार-पाच फूट पाण्यात साडेतीन ग्रॅम. दहा फुटांच्या पुढं किंवा वाऱ्यात सात ग्रॅम. दाट केंदाळातून खाली उतरवायचं असेल तर दहा ग्रॅम, आणि शिसं पुढं-मागं सरकू नये म्हणून दोऱ्यात काडी अडकवा. गांडूळ खाली पडतानाच मासा घेतो असं बऱ्याचदा होतं, त्यामुळं ते जेवढं हळू पडेल तेवढं चांगलं. शिसं दातांनी चावून बसवायची सवय असेल तर आजच सोडा. शिसं विषारी असतं. पक्कड वापरा.

९. गाठ सुटते. कुठली गाठ मारू?

पालोमार. दोरा दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून काढा, त्या दुहेरी दोऱ्याची साधी सैल गाठ मारा, मग पुढचा फास गळाच्या टोकावरून आणि सगळ्या गळावरून ओढून घ्या. ओढण्याआधी थुंकीनं किंवा पाण्यानं ओली करा, कोरडी गाठ घासून तापते आणि दोरा कमजोर होतो. ब्रेडवर ही गाठ सर्वांत भरवशाची. गाठीपुढचा तुकडा कापला की खिशात घाला, पाण्यात नको (प्रश्न २१).

१०. टाकलं की लगेच ओढत राहायचं का?

नाही, आणि नव्वद टक्के नवशिके इथंच मार खातात. चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष किंवा रबरी बेडूक ओढायची सवय असते, तोच वेग गांडुळाला लावतात. या आमिषाचं सगळं सामर्थ्य त्याच्या संथपणात आहे.

टाका, आणि दोरा सैल सोडून गांडूळ तळाला जाऊ द्या. दोरा पडायचा थांबला की तळ आला. आता रॉड घड्याळातल्या दहाच्या काट्यावर धरा आणि मनगटानं सावकाश अकरापर्यंत न्या. गांडूळ तळावरून वीतभर सरकतं. रॉड परत दहावर आणताना सुटलेला दोरा रीलवर घ्या आणि थांबा. थांबा म्हणजे खरंच थांबा, मनात पाच म्हणेपर्यंत. थंडीत दहा. ओढायचं काम रॉडनं करायचं, रीलनं फक्त सैल दोरा गोळा करायचा.

आधी हे काठाजवळच्या उथळ, स्वच्छ पाण्यात डोळ्यांसमोर करून बघा. दगडावरून गांडूळ कसं घसरतं, थांबल्यावर शेपटी कशी हळूच खाली बसते, ते एकदा दिसलं की मग खोल पाण्यात न दिसतासुद्धा हाताला कळायला लागतं. एक टाक मारून ओढून घ्यायला दोन मिनिटं लागायला हवीत. अर्ध्या मिनिटात गांडूळ परत आलं तर मासा त्याच्यापर्यंत पोचलेलाच नाही.

११. मासा आहे की केंदाळ, कसं ओळखायचं?

केंदाळ नुसतं ओढतं, म्हणजे हळूहळू वजन येतं आणि सोडलं की जातं. दगड खरखरतो. मासा जिवंत असतो. एक टक, किंवा एकामागोमाग दोन टक. चिलापीची टुकटुक बारीक आणि सतत असते, मरळीचा ठोका एकच आणि जाड.

काही वेळा हाताला काहीच लागत नाही, पण दोरा आडवा चालायला लागतो. तो मासाच. किंवा गांडूळ अजून तळाला पोचलेलं नसताना दोरा अचानक ढिला पडतो, म्हणजे वरच्या वर कुणीतरी उचललं. म्हणून नजर दोरा पाण्यात शिरतो त्या जागेवर ठेवा. शंका आली तर मासाच समजा, झटका द्यायला पैसे पडत नाहीत.

१२. टक लागल्यावर किती थांबू? काही जण म्हणतात गिळू दे, काही म्हणतात लगेच मार.

खऱ्या आमिषाला गिळू देतात, प्लॅस्टिकला नाही. मासा ते तोंडात धरतो, चव कळली की थुंकतो. मिठाची आणि वासाची गांडुळं थोडा जास्त वेळ धरून ठेवतो, तेवढाच फरक. टक लागली की रॉडचं टोक माशाकडं खाली न्या, सैल दोरा गोळा करा आणि वजन जाणवताक्षणी रॉड जोरात वर घ्या. एवढ्याला एक-दोन सेकंद लागतात, तेवढी वाट पुरे.

मरळीचा जबडा हाडाचा, आत बारीक दात. हलक्या झटक्यानं टोक आत जात नाही. त्यातून ते आधी प्लॅस्टिकमधून बाहेर यायचं असतं. म्हणून झटका खणखणीत हवा. फार वेळ थांबलात तर गळ घशात जातो, आणि मग मासा सोडायचा म्हटलं तरी जगत नाही (प्रश्न १७).

१३. पन्नास रंग आहेत. कुठले घेऊ?

दोन. गढूळ पाण्याला काळं किंवा काळं-निळं, निवळ पाण्याला हिरवट-तपकिरी. गढूळ पाण्यात माशाला रंग दिसत नाही, आकृती दिसते, आणि काळी आकृती सर्वांत ठळक. दिवाळीनंतर पाणी निवळलं की तळाशी जुळणारा रंग चालतो. बाकीचे गुलाबी-पिवळे रंग पाकिटातच शोभतात.

१४. कोल्हापूरच्या आसपास जागा कशी शोधायची?

अमुक दगडावर बसा असं सांगणार नाही. चार लोक एका जागी रोज बसले की ती जागा महिन्यात संपते. पण पाणी कसं वाचायचं ते सांगतो.

आपल्या जिल्ह्याची देणगी म्हणजे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पावसाळा संपला की त्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि मागं लांबच लांब संथ पाणी तयार होतं. काठावरची शेवरी, बाभळ, ऊस शेतातून आलेलं गवत त्यात बुडतं आणि मरळीला बसायला आडोसा होतो. बंधाऱ्याच्या भिंतीपाशी गर्दी करण्यापेक्षा वर चालत जा आणि तीन गोष्टी शोधा: केंदाळाच्या पट्ट्याची कड, ओढा मिळतो ती जागा, आणि उथळ पाणी एकदम खोल होतं ती रेघ. पाच मिनिटं नुसतं उभं राहा. मरळ हवेतला श्वास घेणारा मासा आहे, तिला थोड्या थोड्या वेळानं वर यावंच लागतं. पृष्ठभागावर "गुळुक्" करून वर्तुळ उठलं की जागा पक्की. वर्तुळाच्या मधोमध टाकू नका, पलीकडं टाकून तिच्यासमोरून आणा.

प्रयाग चिखलीला नद्या मिळतात तो परिसर किंवा नृसिंहवाडीला पंचगंगा-कृष्णा संगम, दोन्ही पाण्याच्या दृष्टीनं मोहात पाडणारे आहेत. पण घाटावर आणि स्नानाच्या जागी गळ टाकू नका. माणसं अनवाणी पाण्यात उतरतात. दगडखाणींच्या खणींबद्दलही विचारतात. तिथं काठ सरळ तुटलेला असतो, पोहता येत असलं तरी वर यायला धरायला काही नसतं. एकट्यानं तर मुळीच जाऊ नका.

१५. परवानगी लागते का? कुणी पकडेल का?

बऱ्याच ठिकाणी लागते. तलाव आणि जलाशय मासेमारीसाठी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात. त्या पाण्यातले मासे संस्थेनं बीज सोडून वाढवलेले असतात, कित्येक कुटुंबांचं पोट त्यावर आहे. आधी गावात विचारा, संस्थेच्या माणसाला भेटा, "काका, हौसेपुरता गळ टाकतो, लागला तर सोडतो" असं सांगा. नाही म्हणाले तर नाही. शहरातल्या रंकाळा, कळंब्यासारख्या तलावांवर महापालिकेची सूचना आणि तिथल्या सुरक्षारक्षकाचा शब्द पाळा.

राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत गळ काढूच नका. तिथं वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू आहे.

आणि जिलेटिनचा स्फोट करून किंवा पाण्यात विषारी औषध टाकून मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्यपालन कायद्यापासून गुन्हा आहे. कुणी करताना दिसलं तर भांडायला जाऊ नका, लांबून पोलिसांना कळवा. एका स्फोटानं डोहातली अंडी-पिल्लांसकट सगळी पिढी जाते.

१६. कुठले महिने चांगले? पुरात मासे भरपूर येतात म्हणे, तेव्हा जाऊ का?

ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत उत्तम. थंडी वाढली की मासा सुस्त होतो, तेव्हा दुपारी ऊन चढल्यावर जा आणि गांडूळ आणखी हळू चालवा. मार्च ते मे पहाटे आणि तिन्हीसांजेला, भर दुपारी माशालाही सावली हवी असते.

पुरात नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, पण पाणी त्याच्या खूप आधी धोकादायक होतं. काठ आतून पोखरलेला असतो आणि वरून हिरवळ दिसते. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की खाली पाणी वाढतं. बातमी ऐकून मगच घर सोडा. शिवाय पावसाळा हा माशांच्या विणीचा काळ, तेव्हा त्यांना मोकळं सोडलं पाहिजे.

१७. मासा परत सोडायचा असेल तर गळ कसा काढू?

हात आधी ओले करा, कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. लांब नाकाची पक्कड जवळच ठेवा. मरळीच्या तोंडात बोट घालू नका, दात लागतात. गळाच्या टोकामागचा उलटा काटा घरीच पक्कडीनं दाबून सपाट केलात तर काढायला दोन सेकंद लागतात आणि मासा निसटायचं प्रमाण फारसं वाढत नाही, दोरा ताणलेला ठेवला म्हणजे झालं. गळ घशात गेला असेल तर उपसू नका. दोरा गळाशी जितका जवळ कापता येईल तितका कापा आणि मासा सोडा. महसीर, म्हणजे आपला खडस, चुकून लागला तर फोटोसाठीसुद्धा फार वेळ बाहेर ठेवू नका.

१८. पाण्यावर बारीक लालसर पिल्लांचा थवा दिसला, खाली मोठी मरळ आहे. टाकू का? ती हमखास घेते म्हणतात.

हमखास घेते, खरं आहे. म्हणूनच टाकायचं नाही. ती भुकेनं घेत नाही, पिल्लांजवळ आलेल्या वस्तूवर तुटून पडते. मरळीचे नर-मादी पिल्लांची राखण करतात. राखणारा उचलला की चिलापी आणि बाकीचे मासे तासाभरात थवा फस्त करतात. एका माशापायी शेकडो जातात. चुकून लागलीच तर जागच्या जागी, लगेच सोडा. ती परत थव्याकडं जाते.

१९. पंचगंगेतला मासा घरी आणून खावा का?

शहराच्या खालच्या अंगाला धरलेला खाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी नदीत येतं, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. पाण्याला वास येत असेल, फेस असेल किंवा मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर तिथं गळही टाकू नका. ते मासे सहज हाताला लागतात म्हणून लोक गोळा करतात, तसले तर अजिबात नकोत. वरच्या अंगाचं स्वच्छ पाणी असेल, संस्थेची परवानगी असेल, तर घरापुरती एखादी मरळ आणा. लहान असेल तर सोडा.

२०. गांडुळं डब्यात वितळून एकमेकांना चिकटली. माल खराब होता का?

बहुतेक वेळा नाही. प्लॅस्टिकचे दोन प्रकार आहेत: नेहमीचं पीव्हीसी आणि ताणलं तरी न तुटणारं टीपीई. दोन्ही एकत्र ठेवली की एकमेकांना विरघळवतात. काही कडक प्लॅस्टिकचे डबेही त्यात वितळतात. प्रत्येक प्रकार त्याच्या मूळ पाकिटात, सरळ आडवा ठेवा. दुचाकीच्या डिकीत किंवा उन्हात लावलेल्या गाडीत विसरू नका, एकदा वाकलं की वाकडंच राहतं. थोडं वाकलेलं गरम पाण्यात काही सेकंद बुडवून सपाट ताटात ठेवलं तर सरळ होतं. ताट स्वयंपाकाचं नको.

२१. फाटलेलं गांडूळ पाण्यात टाकलं तर कुजून जाईल ना?

जाणार नाही. प्लॅस्टिक आहे ते, वर्षानुवर्षं तळाला पडून राहतं. त्याहून वाईट म्हणजे मासा ते गिळतो, पोटात ते फुगतं, पचत नाही, बाहेर पडत नाही. पोट भरल्यासारखं राहतं आणि मासा खंगतो. तंगुसाच्या गुंत्यात बगळे, पाणकावळे, कासवं अडकतात. काठावर पाय गुंतून उलटा लटकलेला बगळा बघितला की कळतं हातभर दोऱ्याची किंमत काय ते. एक झिप असलेली पिशवी गळ्यात अडकवा, फाटकं गांडूळ, दोऱ्याचे तुकडे, पाकिटं सगळं त्यात. दुसऱ्याचं पडलेलं दिसलं तर तेही उचला. डोकं फाटलेलं गांडूळ सेंटिमीटरभर कापून परत चढवता येतं, आधी ते करा.

२२. नदीत मगरी आहेत का? मुलांना न्यायचं आहे.

कृष्णा आणि वारणेच्या काठावर, शिरोळ भागात मगरी दिसतात. तिथं पाण्यात पाय सोडून बसू नये, वाकून हात धुवू नये, मासे साफ करून आतडी काठावर टाकू नयेत. मुलांना फिकट रंगाचे कपडे, पायात बूट आणि अंगात लाइफ जॅकेट हवं. टाकताना मागं कुणी उभं नाही ना ते प्रत्येक वेळी बघा. वरून विजेच्या तारा जात असतील तर जागा बदला, कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो. ढग गडगडले की रॉड खाली ठेवून निघा. पूर ओसरल्यावरच्या चिखलात उघड्या जखमेनिशी उतरू नका, लेप्टोच्या तापाची भीती असते.

२३. मोठा मिशाळ काळा मासा लागला, लोक म्हणाले थाई मांगूर. सोडू का?

हाच एक अपवाद. थाई मांगूर बाहेरचा आहे, त्याच्या पालनावर देशात बंदी आहे आणि तो स्थानिक मासे, पिल्लं, अंडी काहीही सोडत नाही. परत सोडू नका आणि दुसऱ्या पाण्यात तर मुळीच नेऊ नका. मात्र आपला देशी मांगूर अगदी जवळचा दिसतो. ओळखीची खात्री नसेल तर फोटो काढून मच्छीमार संस्थेतल्या जाणत्या माणसाला दाखवा आणि त्यांच्या सांगण्यानुसार करा.

२४. आमच्याकडं केंदाळानं नदी काठापासून काठापर्यंत झाकलीय. गांडूळ खाली जातच नाही. काय करू?

दोन वाटा आहेत. केंदाळात कुठंतरी घागरीएवढी भोकं असतात. म्हैस पाण्यात उतरते तिथं, पंपाच्या पाइपाजवळ, पुलाच्या खांबाला. दहा ग्रॅम शिसं अडकवून लावा, ब्रेड वापरा आणि टाकण्याऐवजी रॉड पुढं करून गांडूळ त्या भोकात सरळ खाली सोडा. तळाला टेकलं की दोन-तीनदा वीतभर उचला, मग पुढचं भोक. मासा लागला तर आडवा ओढू नका, सरळ वर उचला.

भोकंच नसतील तर शिसं काढून टाका. नुसतं टेक्सास पद्धतीनं चढवलेलं गांडूळ पानांवरून सरकवत आणा आणि केंदाळाच्या दोन रोपांमधल्या फटीत घरंगळू द्या. खालून पानं फुगली किंवा ठोका बसला तरी झटका देऊ नका, गांडूळ दिसेनासं होऊन दोऱ्याला वजन आल्यावरच द्या. हे दोन्ही साधत नसेल तर बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला जा, तिथं वाहत्या पाण्यात केंदाळ टिकत नाही.